पेवाच्या तोंडावरचा उंबर

जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं,
"उंबर हाय. आपण न्हाय दात लावणार."
मग प्लॉटवाल्यानं मला फोन केला.
हरिपुरात ठाऊक आहे बऱ्याच जणांना,
सांगलीत मोटारी भरणारा एक जण
भिंतीबिंतीतली झाडं घरी नेतो.

पेव रिकामं. एका पुरात पाणी आत शिरलं
त्यानंतर कुणी त्यात हळद उतरवली नाही.
तोंडाशी हा, माझ्या कमरेएवढा,
बुंधा मांडीसारखा,
आणि मुळं खाली गेलेली, भिंत धरून धरून,
राहिलेलं एखादं पोतं शोधायला
कुणी उतरावं तशी.

आधी कंदील सोडला. विझला नाही.
मग मी.
मातीला अजून वास होता.
करवतीला चीक लागला, पांढरा,
बोटं मात्र पिवळी घेऊन वर आलो.

"दत्ताचं झाड. पाय लागंल तिथं ठेवू नका,"
एवढंच रत्नप्रभा म्हणाली.
गच्चीवर, टाकीच्या सावलीत,
सिमेंटच्या पाटीत, विटांच्या चुऱ्यात
दोन वर्षं त्याला हात लावला नाही.
मला हे जमत नाही. माझ्या धंद्यात
सकाळी आलेली मोटार संध्याकाळी फिरावी लागते,
माणूस दारात बसलेला असतो.

तिसऱ्या चैत्रात त्याला फळीवर घेतलं,
खाली पंख्याचं जुनं बेअरिंग,
आणि फिरवत बसलो.
तोंड कुठलं याचं?
इकडून करवतीचा घाव,
तिकडून एक फांदी सरळ डोळ्यात येते,
मागून बरा दिसतो, पण पाठीतून पोक.
तौफिक जिन्यातून बघत होता:
"मालक, फॉल्ट घावंना व्हय?"

त्यानंच जळक्या मोटारींची तार
भट्टीत लाल करून, गार करून आणली. मऊसूत.
बुंध्याकडं बारा गेज, शेंड्याला अठरा.
माझ्या हाताला सवय घट्ट भरायची,
इथं वेढा सैल हवा,
आणि फांदी वाकवताना कान जवळ.
चर्र झालं की थांबायचं.
चर्र व्हायच्या जरा आधी थांबता आलं
तर तुम्हाला काम येतं.

ती सरळ फांदी सगळ्यात जोमाची होती.
कात्री लावण्याआधी मी चप्पल काढली.
का, ते मला विचारू नका.

श्रावणात नदी चढली.
मग उतरली, आणि दुकानासमोर रांग:
गाळानं भरलेल्या त्रेचाळीस मोटारी.
गच्ची विसरलो.
दीड महिन्यानं वर गेलो
तर सालीनं तार गिळायला घेतलेली.

जन्मभर मी तार उलगडली आहे,
गुंडाळून वजनावर विकली आहे.
ही उलगडली तर साल सोबत येणार.
एकेक वेढा पक्कडीनं तोडला,
तांब्याचे तुकडे गच्चीभर,
आणि फांदीवर खालपासून वरपर्यंत
माझ्या विसरण्याचा आटा.

प्रदर्शनातल्या एका जाणत्यानं सांगितलं,
ही बाजू मागं घ्या, दहा वर्षांत बुजेल.
मी बासष्टचा. हो म्हणालो.
घरी आणून तीच बाजू पुढं ठेवली.

दर उन्हाळ्यात पानं खुडतो, एकूण एक.
नवी येतात ती आधीहून लहान,
आता जवळजवळ चिंचोक्याएवढी.
तशात या माघात बुंध्यालाच, आट्याच्या खाली,
तीन उंबरं धरली.
मोठ्या झाडाला येतात तेवढीच.
वाकवल्याचं, छाटल्याचं, पाटीचं
काही कळलेलंच नव्हतं त्यांना.

रत्नप्रभा वर आली वाळवण काढायला.
मला वाटलं हात जोडेल.
तिनं एक तोडलं, नखानं फोडलं.
आत किडे, नेहमीसारखे,
उजेड बघून बावरलेले.
"उंबरच हाय की," म्हणाली,
आणि कुरडयांचं सूप उचलून
खाली गेली.